जुन्या कोरीव ग्लासची नक्षी नव्या ग्लासवर उतरवायची रीत: आधी काय, नंतर काय आणि नेमकं कुठे चुकतं

कोकणातल्या जुन्या घरांतून, मग ते राजापूरकडचं असो नाहीतर वेंगुर्ल्याकडचं किंवा गोव्यातलं, काचकपाटात मागच्या रांगेत दोन-चार कोरीव ग्लास हमखास निघतात, आणि ते निघाले की हात लगेच शिवशिवायला लागतात. कुणी राख घेऊन घासायला बसतं, कुणी ऑनलाइन छोटं मशीन मागवून त्याच ग्लासवरची पुसट झालेली वेलबुट्टी परत गिरवायला घेतं, कुणाला त्यावर आजोबांचं नाव टाकायचं असतं. या तिन्हीत ग्लास जातो. तडा तरी जातो नाहीतर त्याची किंमत तरी जाते, आणि यातलं काहीच नंतर दुरुस्त होत नाही.

म्हणून पहिलं सांगतो, जुन्या ग्लासला टूल लावायचं नाही. तो नमुना आहे, त्याच्याकडे बघून शिकायचं आणि काम नव्या, साध्या, बाजारातल्या ग्लासवर करायचं. खालची सगळी रीत यावरच उभी आहे आणि टप्प्यांचा क्रम बदलू नका, बहुतेक चुका क्रम बदलल्यानेच होतात.

## सामान

आधी सगळं जमवा, मध्ये उठून शोधायला जायचं नाही.

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग (सोनार वापरतात ते), मोबाईलचा टॉर्च, काळं सुती कापड
- प्लॅस्टिकचा टब, जुना पण स्वच्छ टॉवेल, मऊ ब्रश, धुऊन धुऊन मऊ झालेला पंचा
- रोटरी टूल, शक्यतो फ्लेक्सिबल शाफ्टवालं (मोटर लांब राहते, हातात फक्त लवचिक नळीच्या टोकाचा हॅन्डपीस येतो), किंवा सोनारांकडे असतो तसा मायक्रोमोटर
- डायमंड बर (टूलमध्ये बसणाऱ्या, टोकाला हिऱ्याची पूड असलेल्या बारीक कोरण्या): गोल मुंडीचे १, २ आणि ३ मिमी, एक ज्योतीच्या आकाराचा, एक सुईसारखा टोकदार, एक लहान पातळ चकती
- काचेवर उमटणारी पांढरी पेन्सिल, मास्किंग टेप, बटर पेपर, काळा कार्डपेपर
- एन९५ मास्क, बाजू बंद असलेला गॉगल
- पाण्याची छोटी पिचकारी, स्पंज, परात
- शेवटच्या चकाकीसाठी छोटं फेल्ट चाक, रबराचा पॉलिशिंग बिट, सिरियम ऑक्साइड (काचेला चमक आणणारी पूड)
- सराव करायला साधे ग्लास, सॉसच्या रिकाम्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या

बर विकत घेताना त्याच्या दांडीची जाडी बघून घ्या. बाजारात २.३५ मिमी आणि ३ मिमीच्या आसपास अशा दोन्ही मिळतात आणि तुमच्या टूलच्या कॉलेटमध्ये (बर पकडणाऱ्या तोंडात) दुसरी जाडी नीट बसत नाही. कागद गुंडाळून बसवलेला बर थरथरतो आणि काचेवर टवके उडवतो.

## टप्पा १: धुण्याच्या आधी बघा

हा टप्पा सगळे गाळतात. ग्लास मळलेला असतानाच बघायचा असतो, कारण काही गोष्टी धुतल्यावर दिसत नाहीत आणि काही धुतल्याने निघूनच जातात.

ग्लासच्या आत काळं कापड सैलसर घाला आणि टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून उजेड मारला तर नक्षी सपाट दिसते. आता भिंगातून एक-एक रेघ बघा.

चाकावर कोरलेलं काम असेल तर प्रत्येक घाव मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसतो, होडीच्या बुडासारखा. हे तांब्याच्या छोट्या फिरत्या चाकांवर, तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून केलेलं काम असतं, आणि पान असो वा पाकळी, सगळं असल्या लहान लहान घावांनीच बनलेलं असतं. हिऱ्याच्या टोकाने ओढलेली रेघ वेगळी, बारीक, सगळीकडे सारख्याच रुंदीची, कडेला थोडी खरबरीत. नुसत्या ठिपक्यांनी उभं केलेलं चित्र असेल तर ते स्टिपल काम, १८ व्या शतकात डच कारागिरांनी यात कमाल केली होती, आपल्याकडे असं क्वचित सापडेल. ॲसिडने केलेली नक्षी सगळीकडे एकाच खोलीची असते आणि पट्टीतला प्रत्येक वेटोळा पुढच्या वेटोळ्यासारखा तंतोतंत असतो. साच्यात दाबलेल्या ग्लासच्या नक्षीच्या कडा गोलसर लागतात आणि अंगावर साच्याच्या जोडाची उभी रेघ सापडते. लेझरचं काम भिंगाखाली लगेच ओळखू येतं, बारीक टवक्यांच्या सरळ रांगाच रांगा, असला ग्लास जुना म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर सरळ परत द्या.

आता एक खास तपासणी. मुंबईच्या चोर बाजारातून किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानातून ग्लास घेतला असेल तर ही नक्की करा, कारण साधा जुना ग्लास घेऊन त्यावर हल्ली नक्षी कोरून महाग विकायचा प्रकार चालतो. जुन्या ग्लासवर वापराचे बारीक ओरखडे असतातच. नक्षी जिथे आहे तिथे ते ओरखडे बघा. ओरखडा नक्षीच्या कडेवरून पुढे गेलाय, कडा थोडी झिजवून गेलाय, म्हणजे नक्षी आधीची. नक्षीने ओरखडा मधोमध स्वच्छ तोडलाय आणि कोरलेला भाग पिठासारखा पांढराशुभ्र आहे, म्हणजे नक्षी नंतरची.

तळ उलटा करून बघा (हाताखाली टॉवेल ठेवून, उशीवर नाही, उशीवरून घरंगळतो). ग्लास दांडीचा (वाइनच्या ग्लाससारखा) आणि हाताने फुंकलेला असेल तर तळाला मध्यभागी बहुधा लोखंडी सळई तोडल्याची खूण असते, खरखरीत किंवा घासून गोल केलेली. कडेला सगळ्या दिशांनी गेलेले बारीक चरे हवेत. एकाच दिशेने गोल गोल गेलेले चरे म्हणजे सँडपेपर.

थांबा आणि तपासा. सोनेरी कड आहे का? रंगाचं काम आहे का? कुठे केसासारखा तडा आहे का? हात लावल्यावर ग्लास साबणासारखा बुळबुळीत लागतो का, किंवा आत जाळीसारख्या अगदी बारीक चिरा चमकतात का? शेवटच्या दोनपैकी काहीही असेल तर काच आतून आजारी आहे, तिच्यातला क्षार दमट हवेने बाहेर येतोय. असा ग्लास बाजूला ठेवा, त्याचं काय करायचं ते शेवटच्या टप्प्यात सांगितलंय.

ग्लास आकारापेक्षा जड लागत असेल आणि नखाने हलकी टिचकी मारल्यावर नाद लांबत राहत असेल तर तो बहुधा शिशाची काच, म्हणजे लेड क्रिस्टल. तो शोभेला ठेवा. त्यात कोकम सरबत, सोलकढी, पन्हं, लिंबू सरबत असलं आंबट काही ओतून ठेवू नका, आंबट पदार्थात शिसं जास्त उतरतं आणि जितका वेळ राहील तितकं जास्त. लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर त्यातून काहीच देऊ नका.

## टप्पा २: धुणं

राख नको, रांगोळी नको, नारळाचं सोडण नको, तारेची घासणी तर नकोच. काचेचा कठीणपणा मोहस मापावर साधारण साडेपाच आणि वाळूतल्या गारेचा ७, त्यामुळे वाळूचा एक कण काचेवर चरा पाडायला पुरतो. आपल्याकडची राख म्हणजे मऊ असं वाटतं, पण भाताच्या तुसाची राख बहुतेक सगळी सिलिकाच, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, असते. तांब्यापितळेला ती चालते म्हणून काचेला चालत नाही. तीच गोष्ट आमसुलं आणि चिंचेची, सोनेरी कड असलेल्या ग्लासला आंबट काहीही लावायचं नाही.

१. सिंकमध्ये धुवायचं नाही, नळाला आपटून काठ जातो. टबात तळाला टॉवेल अंथरा, कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हाताला गरम न लागणारं. पावसाळ्यात ग्लास गार असतो, त्यावर एकदम गरम पाणी पडलं की जाड तळ आणि पातळ अंग यांच्यात ताण येऊन तडा जातो.

२. भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब, बस. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा.

३. एका वेळी एकच ग्लास पाण्यात. दांडीवाला ग्लास असेल तर एका हाताने वाटी (दांडीच्या वरचा भाग) धरा, दुसऱ्या हाताने पुसा. तळ एका हातात आणि वाटी दुसऱ्या हातात धरून पिळल्यासारखं पुसलं की दांडी मोडते, जुने ग्लास सगळ्यात जास्त असेच जातात.

४. नक्षीत बसलेली माती मऊ ब्रशने, घावाच्या दिशेने. लाल मातीचा डाग नाही निघाला तर तासभर पाण्यात राहू द्या आणि परत ब्रश फिरवा. टाचणीने उकरू नका.

५. स्वच्छ पाण्यातून काढा. विहीर खाडीला लागून असेल आणि पाणी मचूळ असेल तर शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने करा, नाहीतर मिठाचे पांढरे ठिपके राहतात.

६. पंच्याने टिपा. घासू नका. मग टॉवेलवर सरळ उभा, तोंड वर करून सुकवा.

पांढुरकी साय तरीही राहिली असेल आणि सोनं-रंग काही नसेल, काच आजारी नसेल, तर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरचा कापूस एका कोपऱ्यात पाच मिनिटं ठेवून बघा. साय विरली तर ती पाण्यातल्या क्षाराची होती, सगळीकडे करा आणि लगेच धुवा. विरली नाही तर काचच खाल्ली गेली आहे, ती घासून परत येणार नाही, तसंच राहू द्या.

## टप्पा ३: नक्षी कागदावर घेणं

जुन्या ग्लासवर टेप चिकटवायची नाही, मार्करने ट्रेस करायचं नाही, कागद ठेवून पेन्सिलने घासायचंही नाही, पातळ अंगाला तेवढा दाब पुरतो. फोटो काढा.

ग्लासच्या आत काळं कापड, एका बाजूच्या खिडकीचा उजेड, आणि मोबाईल लांब धरून झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत गोलाईमुळे कडेची पानं चेपलेली येतात. थोडा थोडा फिरवत आठ-दहा फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोचा फक्त मधला पट्टा कामाला घ्या. शेजारी फूटपट्टी उभी ठेवली की प्रिंट मापात काढता येते.

आता चित्र उतरवताना पांढऱ्या कागदावर काळ्या पेन्सिलने काढू नका, इथे बहुतेकांची पहिली मोठी गफलत होते. काचेवर जिथे कोराल तिथे पांढरं दिसणार आणि जिथे हात लावणार नाही तिथे काळोख राहणार. म्हणून काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या पेन्सिलने काढा. जुना ग्लास समोर ठेवा आणि बघा की कारागिराने काय सोडलंय. द्राक्षाच्या घडात दोन दाण्यांच्या मध्ये एक केसाएवढी स्वच्छ काच सोडलेली असते, त्या सोडलेल्या रेघेमुळेच दाणे सुटे दिसतात. पानात एक बाजू दाट, दुसरी विरळ, शीर कधी जास्त खोल तर कधी मुद्दाम कोरी. हे सगळं कागदावर आलं पाहिजे. कागदावर ज्याला हे जमलं नाही त्याला काचेवर जमणार नाही, इथे दोन दिवस गेले तरी जाऊ द्या.

पट्टीची नक्षी असेल तर नव्या ग्लासभोवती बटर पेपरची पट्टी गुंडाळा, जिथे टोकं भेटतात तिथे कापा, आणि घड्या घालून आठ भाग करा. मापाने मोजून भाग केले तर शेवटचा भाग हमखास लहान किंवा मोठा येतो. ग्लास वर रुंद खाली अरुंद असेल तर पट्टी सरळ बसणारच नाही, कागद ग्लासला लपेटून वरची आणि खालची कड आखून घ्या, उलगडल्यावर कमानीसारखा आकार येईल, त्या कमानीतच नक्षी बसवा.

## टप्पा ४: नवा ग्लास निवडणं

साधी सोडा-लाइम काच घ्या, रोजच्या वापराचा सरळ अंगाचा ग्लास. अंग निदान २ मिमी जाड, तळ जाड, नक्षी, रंग किंवा प्रिंट काही नको. पहिल्यांदा दांडीचा ग्लास घेऊच नका, धरायला त्रास होतो.

इशारा. ग्लासवर किंवा खोक्यावर टफन्ड किंवा टेम्पर्ड लिहिलं असेल तर तो कोरायचा नाही. त्या काचेत ताण भरून ठेवलेला असतो, बर थोडा आत गेला की अख्खा ग्लास हातात फुटतो. न फुटणारा म्हणून विकलेला ग्लास बहुतेक याच जातीचा. खात्री नसेल तर तो ग्लास सोडा, दुसरा घ्या.

उजेडात धरून बघा, बुडबुडे आणि दगड (काचेत अडकलेले पांढरे कण) नकोत. बुडबुड्यावर बर गेला की खड्डा पडतो.

## टप्पा ५: बसायची जागा, पाणी, वीज

कोरताना काच ओली हवीच. कोरडी कोरली की तीन गोष्टी एकदम होतात, काच तापून टवके उडतात, बरवरचे हिरे झिजतात, आणि पांढरी पूड हवेत उडून तुमच्या छातीत जाते. लेड क्रिस्टल असेल तर त्या पुडीत शिसंही असतं, म्हणून सरावालाही लेड क्रिस्टल घेऊ नका.

पडवीत बसा, उजेड डाव्या बाजूने येऊ द्या (डावखुरे असाल तर उजव्या). समोर परात, परातीत ओला टॉवेल, त्यावर ग्लास. पंखा बंद. उकाड्यात हे जीवावर येतं, पण पंख्याने परातीच्या कडेची सुकलेली पूड उडते, त्यापेक्षा पहाटे बसा. मास्क आणि गॉगल ओलं काम असलं तरी लावायचेच.

विजेचं नीट ऐका. मोटर पाण्यापासून लांब, उंचावर टांगा आणि हातात फक्त फ्लेक्सिबल शाफ्टचा हॅन्डपीस येऊ द्या. मोटर थेट हातात धरायचं टूल असेल तर पाणी ओतू नका, ओल्या स्पंजने थेंब थेंब लावा. घरात आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या आणि मग हे काम करा. पावसात ओल्या जमिनीवर अनवाणी बसून मशीन चालवायचं नाही.

काम झालं की परातीतली पूड ओली असतानाच कागदाने पुसून टाका. झाडूने झाडू नका.

## टप्पा ६: बरणीवर हात बसवणं

ग्लासला लगेच हात घालू नका. रिकाम्या बाटलीवर आधी हे जमवा: सरळ रेघ, वळणदार रेघ, पूर्ण गोल, आणि एकसारखी भरलेली छोटी जागा. वेग १० ते २० हजार आरपीएमच्या मध्ये ठेवा, मोठ्या मुंडीला कमी, बारीक टोकाला जास्त. दाब जवळजवळ नको, पेन्सिलने हलकं शेडिंग करतो तेवढाच, काम बरचे हिरे करतात. दाब दिला की मोटरचा आवाज खाली पडतो, तो आवाज पडला की समजायचं हात जड झाला.

गोल मुंडीचा बर सुरुवातीला काचेवरून घसरतो. तो घसरला की नक्षीबाहेर चरा पडतो आणि तो कायमचा. यावर उपाय दोन: नक्षीच्या बाहेर मास्किंग टेपचे दोन थर लावा, आणि पहिला स्पर्श रेघेने करू नका, टिंबाने करा. टिंबाचा छोटा खळगा झाला की बर तिथे बसतो, मग तिथून सरकवा. मनगट टॉवेलच्या गुंडाळीवर टेकलेलं हवं, अधांतरी हाताने कुणालाच रेघ येत नाही. आणि बऱ्याचदा हात हलवण्यापेक्षा ग्लास फिरवणं सोपं पडतं, चाकावर कोरणारे तर ग्लासच फिरवतात, चाक जागच्या जागी असतं.

## टप्पा ७: कोरणं

कागद ग्लासच्या आतून चिकटवा, चित्र बाहेरून दिसेल असा. आडवी रेघ हवी असेल तर पुस्तकांच्या थप्पीवर पांढरी पेन्सिल आडवी घट्ट धरून ठेवा आणि ग्लास तिच्यासमोर फिरवा, रेघ सगळीकडे एका उंचीवर येते. काठापासून निदान १ सेंमी जागा सोडा, तिथे ओठ लागतात आणि काच तिथेच सगळ्यात कमजोर.

खोलीचा नियम पाठ करा: जे पुढे दिसायला हवं ते जास्त खोल. कोरलेला खळगा काचेच्या आरपार बघताना डोळ्याला उठाव वाटतो, म्हणून पुढचा द्राक्षाचा दाणा सगळ्यात खोल, त्याच्या मागचा उथळ, अगदी मागचं पान नुसतं खरवडलेलं. नवखे उलटं करतात, बाह्यरेषा खोल मारतात आणि आतला भाग उथळ भरतात, मग चित्र चपटं आणि पोरकट दिसतं. सगळ्यात खोल जागाही काचेच्या जाडीच्या एक तृतीयांशापुढे नेऊ नका.

द्राक्षवेलच घेऊया, जुन्या ग्लासवर ती सर्रास असते आणि एकदा जमली की तेच तंत्र करवंदाच्या झुपक्याला किंवा सुपारीच्या घोसाला लागू पडतं.

१. ३ मिमी गोल बर. फक्त पुढचे तीन-चार पूर्ण दाणे. बर दाण्याच्या मध्यावर टेकवा आणि बारीक गोल गोल फिरवत बाहेर या, मध्य खोल, कड उथळ.

२. थांबा. पाणी पुसा, पंच्याने पूर्ण कोरडं करा, आतला कागद काढून काळं कापड घालून बघा. ओल्या काचेवर कोरलेलं दिसत नाही, पाणी खरबरीतपणा भरून काढतं. न बघता काम करत राहिलात तर अजून झालं नाही, अजून झालं नाही म्हणत तुम्ही दुप्पट खोल जाता. दर दोन-तीन मिनिटांनी कोरडं करून बघायचंच.

३. २ मिमी बर. मागचे दाणे, पूर्ण गोल नाहीत, पुढच्या दाण्यांच्या आडून डोकावणाऱ्या चंद्रकोरी. पुढच्या दाण्याला चिकटू नका, केसाएवढी कोरी काच सोडा. ही जागा चुकून कोरली गेली तर दोन दाण्यांचा एक गोळा होतो आणि तो सुटा करता येत नाही, म्हणून इथे सगळ्यात सावकाश.

४. पान ज्योतीच्या आकाराच्या बरने. शिरेपासून कडेकडे छोटे घाव, प्रत्येक घाव टेकवायचा, ओढायचा, उचलायचा. पुढे-मागे घासलं तर जुन्या कामासारखा निमुळता घाव येत नाही, नुसता पांढरा डाग येतो. एक बाजू दाट, एक विरळ.

५. शिरा पातळ चकतीने, पान भरून झाल्यावर. आधी शिरा मारून मग पान भरलं तर शिरा पुसल्या जातात.

६. देठ आणि शेवटी तणावे (वेलीचे वेटोळे घेणारे तंतू), टोकदार बरने, एका दमात. तणाव्याची रेघ मध्ये थांबून जोडली तर जोड दिसतो. बरणीवर परत सराव करून मग ग्लासवर या.

मोठे आकार आधी, बारीक नंतर, हा क्रम सोडू नका. तणावे आधी काढायचा मोह होतो कारण ते सोपे वाटतात, पण पानाची जागा थोडी सरकली की तणावा हवेत लोंबकळतो.

अक्षरं कोरायची असतील तर देवनागरीत शिरोरेघ शेवटी द्या. आधी दिली तर सगळी अक्षरं तिच्याशी जुळवताना खालची उंची कमीजास्त होते.

ॲसिडबद्दल. काच खरवडणारं ॲसिड म्हणजे हायड्रोफ्लोरिक, ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचतं आणि बऱ्याचदा सुरुवातीला दुखतही नाही. घरात आणायचं नाही. एचिंग क्रीममध्येही फ्लोराइडचीच संयुगं असतात, ती बिनधोक समजून मुलांच्या हातात देऊ नका.

## टप्पा ८: चकाकी

जुन्या चांगल्या कामात सगळंच पांढुरकं नसतं. भिंगातून बघितलंत तर पुढच्या दाण्यात एखादा ठिपका किंवा पानाची शीर चकचकीत केलेली दिसेल, दाणा रसरशीत वाटतो तो त्यामुळे. हे करायला छोटं फेल्ट चाक, त्यावर सिरियम ऑक्साइडची पाण्यात कालवलेली लापशी, आणि वेग कमी. आधी रबराच्या पॉलिशिंग बिटने खरबरीतपणा कमी करून घ्या, थेट फेल्ट लावलं तर तास गेला तरी चमक येत नाही. लापशी सुकू द्यायची नाही. आणि थोड्यावर थांबा, प्रत्येक दाण्याला एक ठिपका पुरे, सगळं चकचकीत केलं की नक्षी उजेडात नाहीशी होते.

मग ग्लास धुवा, ब्रशने घावातली पूड काढा, आणि बोट फिरवून बघा. कुठे टोचत असेल तर तो टवका आहे, रबर बिटने मोडा. त्यानंतरच प्यायला वापरा.

## टप्पा ९: ठेवणं, विशेषतः मृगानंतर

आगोटची कामं करताना पापड-कुरडयांबरोबर काचकपाटही काढा. आपल्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर असते आणि जुन्या काचेला ती बाधते.

ग्लास तोंड वर करून ठेवा. पालथा घातला की धूळ जात नाही हे खरं, पण सगळा भार पातळ काठावर येतो आणि आत दमट हवा कोंडते. एकात एक घालायचे नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळायचे नाहीत, कागद ओल धरतो आणि शाई उतरते. प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली तर आत पाणी सुटतं. धुतलेल्या जुन्या मलमलच्या तुकड्यात सैल गुंडाळा आणि दोन ग्लासांत बोटभर अंतर ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, जांभ्याची भिंत पावसात ओल सोडते. उघडीप पडली की दार तासभर उघडं ठेवा. हवेतली ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर मिळतो, तो कपाटात ठेवला की अंदाजाने बोलायची गरज उरत नाही.

धडधाकट ग्लासांसाठी झाकणाचा डबा आणि सिलिका जेल चालतं, रंग बदलला की जेल गरम करून परत वापरता येतं. पण टप्पा १ मध्ये बाजूला काढलेला बुळबुळीत किंवा जाळीदार चिरांचा ग्लास यात टाकू नका, एकदम कोरडी हवा लागली की त्याच्या चिरा वाढतात. त्याला ४० ते ५० टक्क्यांच्या आसपासची, न बदलणारी हवा लागते. तशी सोय होईपर्यंत उघड्या फळीवर, स्वयंपाकघर आणि खिडकीपासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे. फेविक्विक, वॉर्निश, खोबरेल असलं काही लावू नका. खोबरेल लावलं की दोन दिवस चिरा दिसत नाहीत, पण मग तेल धूळ धरतं आणि चिरांत पिवळं पडतं.

काठाला टवका गेलेला जुना ग्लास कटिंगवाल्याकडे देऊन काठ उतरवून घेऊ नका, उंची कमी होते आणि मूळ आकार जातो. टवक्यासकट ठेवा. आणि परदेशातल्या मुलीला-मुलाला पार्सल करायचा विचार असेल तर आधी चौकशी करा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू त्यात मोडत नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतं, ते हातात आल्यावरच पॅकिंगला घ्या. तुम्ही स्वतः कोरलेला नवा ग्लास मात्र खुशाल पाठवा, फक्त दोन खोक्यांत, आतल्या खोक्यात मलमल आणि बाहेरच्यात चारही बाजूंनी चार-चार बोटं भुसा.